विषवाटिकेतील कन्या

इटली देशाच्या उत्तर भागात पाडुआ नावाचे एक पुरातन नगर आहे. तेथील विद्यापीठ इ. स. १२२२ मध्ये स्थापन झाले. वैद्यकशास्त्राच्या अध्ययनासाठी त्याची कीर्ती एके काळी साऱ्या युरोपभर पसरली होती. १५४५ मध्ये या विद्यापीठासाठी औषधी वनस्पतींचे एक उद्यान उभारण्यात आले. ते आजही तेथे पाहावयास मिळते. कोणती वनस्पती रोग बरा करते आणि कोणती प्राण घेते, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहून ओळखता यावे, हा त्या उद्यानाचा हेतू. पुढे तेथील दुर्मिळ रोपांच्या चोऱ्या होऊ लागल्या, तेव्हा उद्यानाभोवती एक वर्तुळाकार भिंत बांधण्यात आली.

याच पाडुआ नगरात नॅथॅनियल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाने आपल्या कल्पनेने आणखी एक बाग निर्माण केली. तीही चहूबाजूंनी बंदिस्त आहे आणि तिच्यातही विषारी वनस्पती आहेत. परंतु त्या बागेत झाडांबरोबर एक मुलगीही वाढली आहे. तिचे नाव बिआट्रिस. 'रापाचिनीची कन्या' ही तिची कथा १८४४ च्या डिसेंबर महिन्यात प्रथम प्रसिद्ध झाली, आणि पौणेदोनशेहून अधिक वर्षे झाली तरी ती जगभर वाचली जाते.

कथेच्या प्रारंभी जोव्हानी नावाचा तरुण दक्षिण इटलीतून विद्याभ्यासासाठी पाडुआस येतो. एका जुन्या, उदास वाड्यातील वरच्या मजल्यावरची खोली त्याला राहावयास मिळते. घराची आठवण येऊन त्याचे मन खिन्न झालेले असते. वाड्याची व्यवस्था पाहणारी वृद्धा लिझाबेत्ता त्याला खिडकीतून बाहेर डोकावण्यास सांगते. खाली डॉक्टर रापाचिनी याची बाग असते. मधोमध एक मोडकळीस आलेले संगमरवरी कारंजे; त्याची कोरीव शिल्पे पार भंगलेली, पण पाणी मात्र पूर्वीइतकेच उल्हासाने उसळणारे. त्या पाण्यातील एका संगमरवरी कुंडीत एक झुडूप आहे. त्याला जांभळ्या रंगाची असंख्य फुले आली आहेत, आणि प्रत्येक फूल एखाद्या रत्नासारखे चमकत आहे.

इतक्यात बागेचा स्वामी तेथे येतो. उंच, कृश, पिवळट चेहऱ्याचा, काळ्या पोशाखातला हा मनुष्य प्रत्येक पानाकडे मोठ्या बारकाईने पाहतो. परंतु एकाही झाडाला तो उघड्या हाताने स्पर्श करीत नाही. त्याच्या हातांत जाड हातमोजे आहेत. जांभळ्या फुलांच्या झुडपापाशी आल्यावर तो नाकातोंडावर एक आवरणही चढवितो. तेवढ्यानेही त्याचे समाधान होत नाही. तो मागे सरतो आणि आपल्या मुलीला हाक मारतो. त्या झाडाच्या जवळ जाणे आपल्या जिवावर बेतेल, तेव्हा यापुढे त्याची सारी निगा तिनेच राखावी, असे तो तिला सांगतो.

ज्या झाडाजवळ जाण्यास बाप स्वतः भितो, तेथे तो आपल्या मुलीस पाठवितो! प्रथम वाचणाऱ्याला हे क्रौर्यच वाटते. बिआट्रिसला मात्र त्यात काहीच वावगे वाटत नाही. ती आनंदाने पुढे होते, झुडपाभोवती दोन्ही बाहू टाकते, त्याला बहीण म्हणते आणि त्याच्या सुगंधाने आपल्याला जीवन मिळते असे त्याला सांगते. ही मुलगी त्या विषाला सरावलेली आहे, हे वाचकाला हळूहळू उमगत जाते. ती जन्मली त्याच घटकेला ते झुडूपही त्या मातीतून उगवले होते. ते तिच्या पित्याच्या विद्येचे अपत्य, आणि ती त्याच्या देहाचे. दोघींना त्याने एकत्र वाढविले. झुडपाचा श्वास घेत घेत तिचा श्वासही विषारी झाला.

लेखकाने तिच्या एकाकीपणाचे लांबलचक वर्णन केलेले नाही. त्याने 'बहीण' हा एकच शब्द तिच्या तोंडी घातला आहे, आणि तेवढ्याने काम झाले आहे. ज्या मुलीला भावंडे आहेत, मैत्रिणी आहेत, ती झाडावर प्रेम करील. परंतु त्याच्या गळ्यात पडून आपल्या मनातील गुज त्याला सांगत बसण्याची पाळी तिच्यावर यावयाची नाही. बिआट्रिसच्या आईचा कथेत उल्लेखच नाही. शेजारी कोणी तिला ओळखत नाहीत. पिता आणि कन्या यांचा संवाद म्हणावा, तर तो कथेत मोजून दोनदा येतो: एकदा हा झाडाच्या निगराणीविषयीचा आणि दुसऱ्यांदा तिच्या मृत्यूच्या क्षणी.

ज्याला कोणी पाहत नाही, त्याच्याविषयी लोक वाटेल ते बोलू लागतात. बिआट्रिसला पाहणारे नगरात फारच थोडे. आणि तरीही तिच्या सौंदर्याच्या गोष्टी सर्वांच्या तोंडी! जोव्हानीच्या पित्याचा जुना स्नेही प्रोफेसर बाल्योनी हा त्याच विद्यापीठात वैद्यक शिकवीत असतो. तो सांगतो की, रापाचिनीने आपली सारी विद्या मुलीला पढविली असून ती अध्यापकाच्या आसनावर बसण्याइतकी विद्वान आहे म्हणतात. पुढे जोव्हानी तिलाच या विद्येविषयी विचारतो, तेव्हा ती हसू लागते. फुलांचे रंग आणि त्यांचे गंध यांपलीकडे तिला काहीच ठाऊक नसते. आणि कधी कधी तेवढेही ज्ञान नको असे तिला वाटते. आपल्याविषयी जग काय बोलते हे तिच्या कानांवर पडण्याचा संभवच नव्हता. मग ते खोडून काढणार कसे?

तिच्या अंगच्या विषाचा प्रत्यय जोव्हानीला खिडकीतूनच येतो. ती एक जांभळे फूल तोडते. देठातून गळलेला रसाचा एक थेंब खालून जाणाऱ्या सरड्यासारख्या एका लहानशा प्राण्यावर पडतो आणि तो तडफडून मरतो. थोड्या वेळाने एक सुंदर कीटक तिच्याभोवती भिरभिरू लागतो. ती बालकाच्या कौतुकाने त्याच्याकडे पाहते, आणि तो तिच्या पायांशी मरून पडतो. दोन्ही वेळा ती खेदाने उसासा टाकते. मात्र आश्चर्य तिला वाटत नाही. हे तिने अनेकदा पाहिले असले पाहिजे.

विषावर वाढलेल्या स्त्रीची ही कल्पना हॉथॉर्नला कोठून सुचली? तिचे मूळ भारतात आहे. एका भारतीय राजाने बचनागासारख्या विषांवर पोसलेली एक सुंदर स्त्री सिकंदराकडे पाठविली होती, अशी एक दंतकथा युरोपात फार पूर्वीपासून प्रचलित होती. सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य व ग्रंथकार सर टॉमस ब्राऊन याने ती आपल्या ग्रंथात नमूद केली. तेथून हॉथॉर्नने ती आपल्या वहीत उतरून घेतली, आणि कथेतील बाल्योनीच्या तोंडीही घातली. आपल्याकडे अशा स्त्रीला विषकन्या म्हणतात. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकात अमात्य राक्षसाने चंद्रगुप्ताचा घात करण्यासाठी विषकन्या योजिली होती, आणि चाणक्याने ती युक्ती उलटवून तिच्याकरवी पर्वतकाचा नाश केला, असा वृत्तांत येतो. त्या नाटकात विषकन्या रंगभूमीवर येत नाही. तिला नाव नाही, तिच्या तोंडी एक शब्दही नाही. दोन मुत्सद्द्यांच्या डावपेचांतील ते एक शस्त्र आहे. आणि शस्त्राला काय वाटते हे कोण विचारतो?

हॉथॉर्नने ते विचारले. जुन्या दंतकथेत त्याने घातलेली खरी भर हीच होय.

एकांत म्हणजे काय, हे त्याला स्वानुभवाने ठाऊक होते. त्याचा जन्म ४ जुलै १८०४ रोजी अमेरिकेतील सेलम या बंदराच्या गावी झाला. पिता जहाजाचा कप्तान होता. तो १८०८ मध्ये परदेशी तापाने वारला, तेव्हा हा मुलगा चार वर्षांचाही झालेला नव्हता. नवव्या वर्षी चेंडू खेळताना त्याच्या पायाला दुखापत झाली आणि पुढे दीर्घकाळ त्याला घरात पुस्तकांच्या संगतीत राहावे लागले. १८२५ मध्ये कॉलेजचे शिक्षण संपवून तो सेलमला परतला. आणि त्यानंतरची सुमारे बारा वर्षे त्याने बहुतांशी आपल्या खोलीत एकट्याने लेखन करीत घालविली. आपण आपल्यालाच कोंडून घेतले आहे, आणि आता दार उघडे असले तरी बाहेर पडण्याचे भय वाटते, अशा आशयाचे पत्र त्याने लाँगफेलो या कवीला लिहिले होते. पुढे १८४२ मध्ये त्याचा विवाह झाला. ज्या वर्षी त्याने बिआट्रिसची कथा प्रसिद्ध केली, त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात त्याला पहिली कन्या झाली होती. तान्ह्या मुलीच्या पित्याने ही कथा लिहिली, हे ध्यानात घेतले म्हणजे रापाचिनीकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलते.

कथा पुरी होण्यापूर्वी त्याने ती आपल्या पत्नीला वाचून दाखविली. ही मुलगी शेवटी राक्षसी ठरणार की देवदूत, असे तिने विचारले, तेव्हा ते आपल्यालाही अजून समजलेले नाही, असे उत्तर त्याने दिले, अशी आठवण त्याच्या पुत्राने लिहून ठेवली आहे. हाच प्रश्न जोव्हानीला कथाभर छळीत असतो.

लिझाबेत्ता एके दिवशी त्याला बागेत जाण्याची गुप्त वाट दाखविते आणि त्याची बिआट्रिसशी भेट होते. या भेटीचे वर्णन सावकाश वाचण्यासारखे आहे. ती त्याला नगरांविषयी विचारते, त्याच्या दूरच्या घराविषयी, त्याच्या मित्रांविषयी, त्याच्या आईविषयी आणि बहिणींविषयी विचारते. एखाद्या निर्जन बेटावर वाढलेल्या मुलीला बाहेरून आलेला पहिला प्रवासी भेटावा, तशी तिची स्थिती होते. जे आपल्याला रोजचे, म्हणून क्षुल्लक वाटते, ते तिला ऐकीव आणि म्हणून अद्भुत वाटते. तिने कपट पाहिलेलेच नाही, त्यामुळे ते तिला करता येत नाही. आपल्याविषयी लोकांच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये, आपल्या तोंडून आलेल्या शब्दांवर मात्र ठेवावा, एवढेच ती त्याला विनविते. बोलता बोलता जोव्हानी त्या जांभळ्या फुलाला हात घालू पाहतो. तोच ती किंचाळते आणि त्याचा हात धरून मागे ओढते. त्याचे प्राण वाचावेत म्हणून केलेला तो स्पर्श! दुसऱ्या दिवशी त्याच्या हाताच्या पाठीवर चार बोटांचे आणि मनगटावर अंगठ्याचा असे जांभळे वण उमटलेले दिसतात. त्यानंतर त्यांच्या भेटी वारंवार होत राहतात. परंतु ती पुन्हा कधीही त्याला शिवत नाही. वाऱ्याने तिचे वस्त्र उडून त्याला लागणार नाही, इतके अंतर ती राखते.

हे सारे रापाचिनी पाहत असतो. पहिल्या भेटीच्या वेळीच दाराच्या सावलीत त्याची कृश आकृती उभी असलेली जोव्हानीला दिसते. मुलगी एकटी आहे, तिला सोबतीची गरज आहे, हे या पित्याला कळत नाही असे नाही. ते त्याला चांगले कळते. परंतु त्यावर त्याने शोधलेला उपाय पाहण्यासारखा आहे. मुलीला भिंतीबाहेर नेण्याऐवजी तो बाहेरचा एक तरुण आत ओढून घेतो, आणि बागेतल्या हवेने त्यालाही हळूहळू विषारी होऊ देतो. दोघेही एकमेकांना योग्य आणि इतर सर्वांना घातक! रापाचिनीच्या हिशेबात ही दोघांवर केलेली कृपाच आहे. ना त्याने मुलीला विचारले, ना त्या तरुणाला.

एके दिवशी बाजारातून आणलेली टवटवीत फुले जोव्हानीच्या हातात माना टाकू लागतात. खोलीच्या कोपऱ्यात जाळे विणणाऱ्या कोळ्यावर तो फुंकर घालतो, आणि कोळी मरतो. मग त्याचा संताप अनावर होतो. तो धावत बागेत जातो आणि नाही नाही ते बिआट्रिसला बोलतो. तिने जाणून बुजून आपला घात केला, असे त्याला वाटते. तिला तर काय घडले आहे याची वार्ताही नसते. आपला देह विषावर पोसला असला, तरी आपला आत्मा परमेश्वरानेच निर्माण केला आहे आणि त्याला प्रेमाची भूक आहे, असे ती काकुळतीने सांगते. आपण त्याला थोडा काळ भेटून, त्याची आठवण जतन करून, नंतर त्याला जाऊ देणार होतो, हेही ती सांगते. तिचे बोलणे खरे होते. ते खरे मानावयास जोव्हानीला कोणताही नवा पुरावा लागत नव्हता. इतक्या भेटींत ती कशी वागली, एवढे आठवले असते तरी पुरे होते. ते त्याला आठवत नाही. कथेतील सर्वांत कठोर प्रसंग हाच आहे, बिआट्रिसचा मृत्यू त्यामानाने सौम्य वाटतो.

जोव्हानीजवळ एक चांदीची कुपी असते. तिच्यात बाल्योनीने दिलेला विषावरचा उतारा आहे. बाल्योनीचा हेतू वरवर परोपकाराचा; तथापि रापाचिनीशी त्याचे जुने वैर आहे, आणि त्याला पराभूत करण्याची संधी म्हणून तो या दोन तरुण जिवांकडे पाहतो, हे लेखकाने वाचकापासून लपवून ठेवलेले नाही. हे औषध कोणावर तरी करून पाहावे, एवढीही काळजी त्याने घेतलेली दिसत नाही. या बाबतीत दोन्ही वैद्य सारखेच. बिआट्रिस कुपी आपल्या हातात घेते. आधी आपण पिऊ, परिणाम काय होतो ते पाहून मग त्याने प्यावे, असे जोव्हानीला बजावून ती ते औषध पिते.

त्याच वेळी रापाचिनी प्रसन्न मुद्रेने तेथे येतो. आता तू जगात एकटी राहिली नाहीस, असे तो मुलीला सांगतो. क्षीण होत चाललेली ती मुलगी त्याला विचारते की, हे दुःख आपल्या वाट्याला त्याने का दिले. रापाचिनी चकित होतो. दुःख कसले? कोणीही शत्रू जिच्या केसाला धक्का लावू शकणार नाही, अशी शक्ती त्याने तिला दिली होती. इतर मुलींप्रमाणे दुबळी राहून तिने जगाचे सारे अन्याय सोसावे काय? त्याचे आश्चर्य अगदी खरे आहे. आपण मुलीचे कल्याण केले, अशीच त्याची समजूत आहे. आणि ती समजूत तपासून पाहण्याचा प्रसंग त्याच्यावर इतक्या वर्षांत कधी आलाच नव्हता, कारण त्या बागेत त्याला प्रश्न विचारणारे दुसरे कोणी नव्हतेच. लोकांनी आपल्याला भ्यावे, यापेक्षा आपल्यावर प्रेम करावे, हेच आपल्याला आवडले असते, असे बिआट्रिस त्याला सांगते. आयुष्यात पहिल्यानेच तिने आपली इच्छा पित्यापुढे बोलून दाखविली, आणि तेव्हा ऐकून काही करण्यास अवधी उरलेला नव्हता.

ज्या देहाचे विष हेच जीवन झाले होते, त्याला विषाचा उतारा मृत्यूच ठरला. जाता जाता बिआट्रिस पित्याला बोल लावीत नाही. त्याने आपल्यात मिसळलेले विष आता स्वप्नासारखे मागे राहील, असे ती म्हणते. जोव्हानीला मात्र ती एक प्रश्न विचारते: आपल्यापेक्षा त्याच्याच स्वभावात पहिल्यापासून अधिक विष नव्हते काय? जोव्हानी काय उत्तर देतो, हे हॉथॉर्नने लिहिलेले नाही. ती दोघांच्या पायांशी कोसळते.

वरच्या खिडकीतून प्रोफेसर बाल्योनी हे सारे पाहत असतो. त्याच्या स्वरात भीती आहे आणि विजयाचा आनंदही आहे. तो मोठ्याने हाक मारतो ती रापाचिनीला, आणि विचारतो ते त्याच्या प्रयोगाविषयी. कथेतील शेवटचे शब्द तेच आहेत. खाली पडलेल्या मुलीचे नाव त्यांत नाही.